सी ड्राइव्ह वाढवताना: आधी नकाशा, मग बॅकअप, पट्टी सगळ्यात शेवटी

तक्रार नेहमीची आहे. संगणक घेतला तेव्हा दुकानात विंडोज टाकताना सी ड्राइव्हला १०० किंवा १२० जीबी दिले, उरलेली जागा डी आणि ई मध्ये वाटून टाकली. दोन वर्षांत सी ची पट्टी लाल होते, डी मात्र निम्मा रिकामा. मग एखादं मोफत सॉफ्टवेअर उतरवलं जातं, माउसने पट्टी ओढली जाते, अप्लाय दाबलं जातं. तासाभराने टक्केवारी पुढे सरकत नाही असं वाटतं आणि कुणीतरी पॉवरचं बटण दाबून धरतं. डेटा जातो तो त्या क्षणी.

सॉफ्टवेअर सहसा चांगलंच असतं, चुकतो तो कामाचा क्रम. म्हणून इथे क्रमावर भर दिला आहे. लागणारी सगळी साधनं मोफत आहेत. मुख्य चार: विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट, जीपार्टेड (पेनड्राइव्हवरून चालणारं, पार्टिशन हलवणारं), क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत सांगणारं) आणि रेस्क्यूझिला (बॅकअपसाठी).

आधी हे समजून घ्या: उजवी कड आणि डावी कड

डिस्क म्हणजे जमिनीची एक लांब पट्टी आणि पार्टिशन म्हणजे तिच्यावर एकाला लागून एक पाडलेले प्लॉट, असं धरा. प्लॉटची उजवी हद्द आत घेणं सोपं असतं. त्या टोकाला पडलेल्या फाइली आत सरकवायच्या आणि नोंदी बदलायच्या, एवढंच. बाहेर वाढवणं तर त्याहून सोपं, कारण तिथे फक्त नोंदी बदलतात.

डाव्या हद्दीचं तसं नाही. पार्टिशनच्या आतली सगळी मोजमापं त्याच्या सुरुवातीपासून घेतलेली असतात. सुरुवातच हलली की आतला प्रत्येक ब्लॉक उचलून नव्या जागी ठेवावा लागतो. जीपार्टेड हे काम करतं तेव्हा रिकामे ब्लॉकसुद्धा हलवतं. फिरत्या डिस्कवर, त्याच डिस्कवरून वाचून त्याच डिस्कवर लिहायचं, म्हणजे सेकंदाला ५० एमबीचा वेग धरला तरी ३०० जीबीला शंभर मिनिटं लागतात. जुन्या डिस्कवर याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागू शकतो. या सगळ्या वेळात तुमचा डेटा अर्धा इकडे आणि अर्धा तिकडे असतो.

सी डावीकडे आणि डी त्याच्या उजवीकडे असतो, त्यामुळे सी ला वाढायला जागा हवी ती डी च्या डाव्या टोकाला. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डी लहान केला की मोकळी जागा निघते ती डी च्या उजव्या टोकाला, आणि सी चं 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' करडंच राहतं. बहुतेक लोक इथे अडतात आणि घाईने भलतं काहीतरी करून बसतात.

टप्पा १: नकाशा काढा

स्टार्टच्या बटणावर राइट-क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि खालच्या आडव्या पट्ट्यांचा मोबाइलने फोटो काढा. पुढे काही बिघडलं तर मदतीला येणारा माणूस पहिल्यांदा हाच फोटो मागेल. फोटोत चार गोष्टी बघा.

पहिली: सी आणि डी एकाच डिस्कवर आहेत का? हल्लीच्या बऱ्याच संगणकांत सी हा २५६ जीबीच्या एसएसडीवर असतो आणि डी दुसऱ्या फिरत्या डिस्कवर. एक 'डिस्क ०' आणि दुसरा 'डिस्क १' असं दिसलं तर इथेच थांबा. एका डिस्कची जागा दुसऱ्या डिस्कवरच्या सी ला जोडता येत नाही. तिथे उपाय म्हणजे मोठा एसएसडी घेऊन त्यावर क्लोन करणं, म्हणजे जुन्याची जशीच्या तशी प्रत उतरवणं.

दुसरी: सी आणि डी यांच्या मध्ये काही आहे का? विंडोज १० च्याच नंतरच्या आवृत्त्या आणि विंडोज ११ यांत सी ला लागूनच उजवीकडे 'रिकव्हरी पार्टिशन' असतं, सहसा ५०० एमबी ते १ जीबीचं. ते मध्ये असेल तर डी पूर्ण उडवला तरी सी वाढणार नाही.

तिसरी: डिस्क जीपीटी आहे की एमबीआर? पार्टिशनच्या नोंदी ठेवण्याच्या या दोन पद्धती, पैकी एमबीआर जुनी. 'डिस्क ०' या चौकोनावर राइट-क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग व्हॉल्यूम्स. एमबीआरवर चारच प्रायमरी पार्टिशन मावतात, म्हणून डी आणि ई बहुधा हिरव्या चौकटीच्या 'एक्स्टेंडेड' पार्टिशनच्या पोटात असतात. त्या चौकटीच्या आतली मोकळी जागा फिकट हिरवी दिसते, आणि ती सी ला मिळत नाही. सी ला लागते ती काळ्या पट्टीची 'अनअलोकेटेड' जागा.

चौथी: कुठे 'बिटलॉकर एन्क्रिप्टेड' किंवा 'डायनॅमिक' लिहिलंय का? बिटलॉकर म्हणजे डेटा सांकेतिक करून ठेवणारं विंडोजचं कुलूप, डायनॅमिक म्हणजे डिस्कची विंडोजची खास मांडणी. डायनॅमिक डिस्कवर जीपार्टेड वापरू नका.

सुरुवातीचं १०० एमबीच्या आसपासचं ईएफआय पार्टिशन हे संगणक सुरू होण्याचं दार आहे. जीपार्टेडमध्ये त्याच्या शेजारी १६ एमबीचं एक अनोळखी पार्टिशनही दिसेल, जे विंडोजमध्ये दिसत नाही. दोन्हींना हात लावू नका.

टप्पा २: डिस्कची तब्येत

क्रिस्टलडिस्कइन्फो चालवा. फिरत्या डिस्कसाठी ०५, सी५ आणि सी६ या ओळींतला (डिस्कवरच्या खराब जागांच्या नोंदी) रॉ आकडा शून्य हवा. पिवळं 'कॉशन' दिसलं तर पार्टिशनचा विषय बंद करा, डेटा उतरवा आणि नवी डिस्क घ्या. आजारी डिस्कवर शेकडो जीबींची हलवाहलव केली तर तीच तिची शेवटची मेहनत ठरू शकते.

तब्येत ठीक असेल तर प्रत्येक ड्राइव्हवर राइट-क्लिक करा आणि प्रॉपर्टीज, टूल्स, चेक या वाटेने जाऊन त्रुटी तपासून घ्या.

टप्पा ३: बॅकअप, आणि बॅकअपची परीक्षा

डी चा बॅकअप ई मध्ये घेतला म्हणून निर्धास्त झालेली माणसं मी पाहिली आहेत. दोन्ही एकाच डिस्कवर आहेत. पार्टिशनचा तक्ता बिघडला तर दोन्ही एकदमच दिसेनासे होतात. बॅकअप म्हणजे वेगळी, केबल काढून बाजूला ठेवता येणारी डिस्क.

ती पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणा किंवा ऑनलाइन मागवा, पण बिल घ्या आणि वापरण्याआधी एच२टेस्टडब्ल्यूसारख्या मोफत साधनाने पूर्ण क्षमता तपासा. '२ टीबी' लिहिलेले, विश्वास बसणार नाही इतके स्वस्त पेनड्राइव्ह प्रत्यक्षात काही जीबींचेच असतात. त्यांच्यावर कॉपी व्यवस्थित झालेली दिसते, फाइल मात्र उघडत नाही.

लोक काय विसरतात? डेस्कटॉपवरच्या फाइली, त्या सी मध्येच असतात. टॅलीचं डेटा फोल्डर. डीटीपीवाल्यांकडे श्रीलिपीतल्या जुन्या फाइली आणि त्यांचे फाँट. फाँट हरवले तर वीस वर्षांपूर्वीचा मजकूर उघडेल, पण वाचता येणार नाही. ब्राउझरमधले पासवर्ड.

जमलं तर रेस्क्यूझिलाने पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, घ्या. ते पेनड्राइव्हवरून सुरू होतं, माउसने चालतं आणि वापरलेले ब्लॉकच घेतं. क्लोनझिलाही तेच करतं, फक्त त्याचे निळे पडदे नवख्याला घाबरवतात.

पडताळा: मूळ फोल्डर आणि कॉपी, दोन्हींच्या प्रॉपर्टीजमधली फाइलींची संख्या जुळवा. मग बॅकअपची डिस्क *दुसऱ्या* संगणकाला लावून वेगवेगळ्या फोल्डरांतल्या पाच-सहा फाइली प्रत्यक्ष उघडा. हे झाल्याशिवाय पुढचा टप्पा वाचूसुद्धा नका.

टप्पा ४: वाटेतले अडथळे काढा

बिटलॉकर. नव्या लॅपटॉपवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाने ते आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ताही नसतो. तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ४८ आकडी रिकव्हरी की शोधा आणि कागदावर लिहून ठेवा, कारण बूटच्या सेटिंगमध्ये बदल झाला की विंडोज ती मागू शकतं. जे पार्टिशन जीपार्टेडने सरकवायचं आहे त्याचं एन्क्रिप्शन पूर्ण बंद करावं लागतं. 'सस्पेंड' पुरत नाही. सस्पेंडमध्ये कुलूप उघडं राहतं, पण डेटा सांकेतिकच असतो.

फास्ट स्टार्टअप. नेहमीचं शट डाउन हे खरं तर अर्धी झोप असते. विंडोज जुनी माहिती लक्षात ठेवून झोपतं, आपण बाहेरून पार्टिशन बदलतो, आणि ते उठल्यावर जुन्याच हिशेबाने लिहू लागतं. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे जाऊन ते बंद करा. शिवाय जीपार्टेडकडे जाण्याआधी शिफ्ट दाबून धरूनच शट डाउन करा.

डी मध्ये दडलेल्या गोष्टी. व्हर्च्युअल मेमरीची पेजफाइल डी वर ठेवली असेल तर ती सी वर आणा. डॉक्युमेंट्स किंवा डाउनलोड्स फोल्डर डी वर वळवला असेल तर तोही आधी मूळ जागी परत आणा.

रिकव्हरी पार्टिशन मध्ये असेल तर ते हलवण्याआधी विंडोजला कळवावं लागतं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा. कमांडचं नाव 'रिएजंटसी', इंग्रजी अक्षरं आर, ई, ए, जी, ई, एन, टी, सी. त्यापुढे जागा सोडून तिरकी रेघ आणि 'डिसेबल'. काम संपल्यावर त्याच जागी 'एनेबल'. विंडोज या पार्टिशनचा पत्ता लिहून ठेवतं. न सांगता हलवलं तर दुरुस्तीचा पडदा गरजेच्या वेळी उघडत नाही.

वीज. पुण्यात गुरुवार हा महावितरणच्या देखभाल-दुरुस्तीचा वार, त्या दिवशी हे काम काढूच नका. मे महिन्यातल्या वळवाच्या संध्याकाळीही नको. लॅपटॉप पूर्ण चार्ज आणि चार्जर लावलेला हवा. डेस्कटॉपला यूपीएस हवाच. घरच्या इन्व्हर्टरवर भरवसा ठेवू नका. तो लागायला क्षणभर जातो आणि तेवढ्यात डेस्कटॉप रीस्टार्ट होऊ शकतो. कोथरूडमध्ये एका विद्यार्थ्याचा संगणक नेमका असाच गेला होता. डी सरकवताना वीज गेली, दिवे लगेच लागले, पण प्रोजेक्टचं फोल्डर परत आलं नाही. बॅकअप ई मध्ये होता, आणि ई सुद्धा त्याच रांगेत सरकवायला लावला होता.

टप्पा ५: दोनपैकी एक वाट निवडा

वाट 'अ': डी रिकामा करून उडवायचा, सी वाढवायचा, डी नव्याने बनवून डेटा परत भरायचा. वाट 'ब': डी भरलेला असतानाच जीपार्टेडने उजवीकडे सरकवायचा.

मी जवळजवळ नेहमी 'अ' सांगतो. लोकांना ती लांबची वाटते, पण बॅकअप तुम्ही घेतलेलाच आहे. कॉपी करताना वीज गेली तर कॉपी पुन्हा सुरू करता येते. सरकवताना गेली तर तसं करता येत नाही. 'अ' मध्ये जीपार्टेडला सी ला स्पर्शही करावा लागत नाही, त्यामुळे सी चं एन्क्रिप्शन उघडावं लागत नाही.

'ब' फक्त तेव्हा, जेव्हा डी वर बसवलेले प्रोग्रॅम इतके गुंतलेले असतात की परत भरणं अवघड जाईल. बॅकअप नाही म्हणून 'ब' निवडणं चूक आहे, कारण बॅकअपची खरी गरज 'ब' लाच आहे.

टप्पा ६: वाट 'अ'

१. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डी वर राइट-क्लिक, 'डिलीट व्हॉल्यूम'. त्याआधी अक्षर आणि आकार टप्पा १ च्या फोटोशी ताडून पाहा. एमबीआर असेल तर हिरव्या चौकटीतले बाकीचे ड्राइव्हही डिलीट करून ती चौकटही डिलीट करावी लागेल, म्हणजे ई चाही बॅकअप आधी हवा.

२. काळी पट्टी सी ला थेट लागून असेल तर पाचव्या पायरीवर जा. मध्ये रिकव्हरी असेल तर जीपार्टेड लागेल. त्याची आयएसओ फाइल उतरवून रूफसने पेनड्राइव्हवर चढवा. तो पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, त्यामुळे बॅकअपचा घेऊ नका.

३. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करा. उजव्या वरच्या कोपऱ्यात योग्य डिस्क निवडा. डिस्क ओळखायची ती आकारावरून. ५०० जीबीची डिस्क इथे ४६५ आणि १ टीबीची ९३१ दिसते, ते बरोबरच आहे.

धोक्याची सूचना: जीपार्टेडला डिस्क दिसलीच नाही तर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाची मूळ सेटिंग्ज) जाऊन 'आरएआयडी' (रेड) किंवा 'व्हीएमडी' हे डिस्क हाताळण्याचं सेटिंग बदलू नका. ते बदललं की विंडोज सुरू होणं थांबू शकतं. बाहेर पडा आणि जाणकाराला विचारा.

४. रिकव्हरी पार्टिशनवर राइट-क्लिक, 'रिसाइझ/मूव्ह'. त्याचा आकार न बदलता पूर्ण ठोकळाच उजवीकडे सरकवा. सी ला १५० जीबी द्यायचे असतील तर डावीकडे १५० जीबी मोकळे सुटले पाहिजेत. डावी कड हलतेच आहे, पण जेमतेम १ जीबीची, म्हणून काम थोडक्यात उरकतं. अलाइनमेंट 'एमआयबी'च राहू द्या. खाली कामांची यादी दिसेल. तिच्यात एकच ओळ हवी. ती मोठ्याने वाचा, मग हिरव्या खुणेचं अप्लाय दाबा. त्याआधी डिस्कवर काहीही बदललेलं नसतं, म्हणून मन साशंक असेल तर 'अनडू' करून बाहेर पडायला इथे पूर्ण मुभा आहे.

५. विंडोजमध्ये परत या. डिस्क मॅनेजमेंट, सी वर राइट-क्लिक, 'एक्स्टेंड व्हॉल्यूम'. आकडा एमबीमध्ये लागतो: १०० जीबीला १,०२,४००. चालू विंडोजमध्ये हे काही सेकंदांत होतं.

धोक्याची सूचना: 'ही बेसिक डिस्क डायनॅमिक होईल' अशा अर्थाची खिडकी आली तर 'नो'. याचा अर्थ जागा सी ला लागून नाही, म्हणजे आधीची एखादी पायरी चुकली आहे. 'येस' म्हटलं तर परतीचा रस्ता फार खडतर आहे.

६. उरलेल्या काळ्या पट्टीवर 'न्यू सिम्पल व्हॉल्यूम', एनटीएफएस, क्विक फॉरमॅट. अक्षर आठवणीने डी च द्या, नाहीतर शॉर्टकट आणि डी वर बसवलेले प्रोग्रॅम जुना पत्ता शोधत राहतील. मग डेटा परत भरा.

टप्पा ७: वाट 'ब', घेतलीच तर

क्रम उजवीकडून डावीकडे. आधी डी ची डावी कड उजवीकडे ओढून तो लहान करा आणि अप्लाय करा. एमबीआर असेल तर त्यानंतर एक्स्टेंडेड चौकटीची डावी कड. मग रिकव्हरी सरकवा, पुन्हा अप्लाय. सी शेवटी, विंडोजमधून. जीपार्टेड सगळी कामं एका रांगेत लावू देतं, तरी एकेक करून अप्लाय करा, म्हणजे अडलं तर कुठे अडलं ते कळतं.

डी काठोकाठ आवळू नका. आतल्या डेटाच्या वर १५-२० टक्के जागा मोकळी राहू द्या.

आता बघत बसायचं. टक्का बराच वेळ हलला नाही तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे. लॅपटॉपचं झाकण मिटू नका. घरच्यांना सांगून ठेवा, आणि जमलं तर स्विचवर चिठ्ठी चिकटवा. या कामात चिठ्ठीइतकं स्वस्त संरक्षण दुसरं नाही.

उबुंटू टाकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

विंडोजच्या शेजारी उबुंटू (लिनक्स) टाकायचं असेल तर विंडोजचं पार्टिशन विंडोजमधूनच लहान करा आणि जागा अनअलोकेटेड सोडा. सी मध्ये १०० जीबी मोकळे असूनही 'श्रिंक'ला थोडेच दाखवत असेल तर हायबरनेशनची फाइल, पेजफाइल किंवा रिस्टोअर पॉइंट वाटेत आहेत. नेमकी कोणती फाइल, ते इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये २५९ क्रमांकाच्या नोंदीत लिहिलेलं असतं.

उबुंटूचं स्वतःचं मुख्य पार्टिशन लहान करायचं तर पेनड्राइव्हवरूनच सुरू करा. पार्टिशनसमोर किल्लीचं चिन्ह दिसलं तर ते वापरात आहे. स्वॅप (लिनक्सची पेजफाइलसारखी जागा) असेल तर 'स्वॅपऑफ' करा. पार्टिशन एक्सएफएस प्रकारचं असेल तर ते वाढतं, लहान मात्र होत नाही.

उबुंटू काढून जागा परत घ्यायची असेल तर आधी बायोसच्या बूट क्रमात 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला आणा, विंडोज थेट सुरू होतंय हे पाहा, मगच पार्टिशन उडवा. उलटं केलं की काळ्या पडद्यावर 'ग्रब', म्हणजे उबुंटूचा बूट करणारा प्रोग्रॅम, अडकून भेटतो.

बिघडलंच तर

पहिला नियम, डिस्कवर काहीही लिहू नका. 'फॉरमॅट करायचं का' असं विंडोजने विचारलं तर 'कॅन्सल'. एसएसडीवर तर क्विक फॉरमॅटही घातक, कारण त्यासोबत विंडोज 'ही जागा आता रिकामी' असा ट्रिमचा आदेश पाठवतं आणि मग परत मिळवायला काही उरत नाही.

चुकून भलतंच पार्टिशन डिलीट झालं असेल तर हरवलेली पार्टिशन शोधणाऱ्या टेस्टडिस्क या साधनाने ते बहुतेकदा सापडतं. विश्लेषण करा, 'क्विक सर्च' करा, सापडलेल्या पार्टिशनमधल्या फाइली दिसतात का ते पाहा आणि त्या आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवा. 'राइट' त्यानंतर. सरकवणं अर्ध्यात तुटलं असेल तर मात्र टेस्टडिस्कच्या हातात फारसं नसतं. तिथे टप्पा ३ मधली डिस्कच कामी येते.

विंडोज सुरूच होत नसेल तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून 'स्टार्टअप रिपेअर' करून पाहा.

टप्पा ८: कामानंतर

डिस्क मॅनेजमेंटचा नवा फोटो काढून जुन्याशी ताडा. सी आणि डी वर पुन्हा त्रुटी तपासा. 'रिएजंटसी'ला 'एनेबल' द्या, मग 'इन्फो' देऊन स्थिती 'एनेबल्ड' आली का पाहा. एन्क्रिप्शन बंद केलं होतं तर चालू करा आणि नवी रिकव्हरी की लिहून घ्या, कारण ती बदललेली असते. संगणक दोनदा पूर्ण बंद करून सुरू करा. टॅली, प्रिंटर, रोजची कामं एकदा चालवून बघा.

बॅकअपची डिस्क निदान महिनाभर पुसू नका. डी वरची एखादी फाइल राहून गेलीय हे सहसा महिनाअखेरीचे हिशेब काढताना कळतं.